प्रोग्रॅमर व उद्योजक होऊं इच्छिणाऱ्यांनीं काय वाचावें?

शालान्त परीक्षेचे निकाल लागले म्हणजे पालकांची शाळेंत ये-जा वाढते. पूर्वीं त्यांचा प्रश्न ठरलेला असे : मुलास डॉक्टर करावें कीं इंजिनियर? आतां पुष्कळ घरांत तो प्रश्न आधींच सुटलेला असतो. मुलास प्रोग्रॅमर व्हावयाचें असतें, किंवा मुलगी स्वतःची कंपनी काढावयाची म्हणत असते. आणि त्यासाठीं तूर्त कोणतीं पुस्तकें वाचावीं, तेवढीं नांवें एका कागदावर लिहून द्यावीं, अशी शिक्षकांकडे मागणी होते. मागणी रास्त आहे. तथापि रोगी न पाहतां पुडी बांधून देणाऱ्या वैद्याप्रमाणें नुसतीं नांवें लिहून देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. नांवें आम्ही देणारच आहों. पण त्यांच्यामागील कारणेंही विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं ऐकून घ्यावीं, इतकीच विनंति.

ह्या विषयावरील पुस्तकांच्या दोन जाति आहेत. एका जातीचीं पुस्तकें वाचकास स्वतःची चूक शोधावयास शिकवितात. दुसऱ्या जातीचीं कोणाच्या तरी यशाची कथा सांगून त्याचें मन प्रसन्न करितात. पहिलीं वाचतांना डोकें दुखतें, दुसरीं वाचतांना छाती फुगते. दुकानांत दुसऱ्या जातीचीं दर्शनी मांडलेलीं असतात, आणि वाढदिवसाच्या भेटी म्हणून तींच घेतलीं जातात. आमचें म्हणणें असें, कीं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनीं पहिल्या जातीचीं पुस्तकें वाचावीं. दुसऱ्या जातींतील फार थोडीं, आणि तींही पारखून.

ज्यांनीं संगणकास अद्यापि एकही आज्ञा दिलेली नाहीं, त्यांनीं अ‍ॅलन डाउनी ह्यांचें 'थिंक पायथन' हातीं घ्यावें. लेखकानें तें इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य वाचावयास ठेविलें आहे. पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम ह्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिचें व्याकरण सोपें, आणि आज ती जगभर चालते. वर्षभरानें हात बसला कीं ब्रायन कर्निघन व डेनिस रिची ह्यांचें 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' घ्यावें. सी ही भाषा अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें रिची ह्यांनींच घडविली, आणि हें पुस्तक १९७८ सालीं निघालें. १९८८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचीं पानें तीनशेंही भरत नाहींत. भाषेच्या जनकानेंच लिहिण्यास हात लावलेलें इतकें आटोपशीर पुस्तक दुर्मिळ होय. त्यांतील एखादें वाक्य गाळावें म्हटलें तर तसें वाक्य सांपडत नाहीं. बाजारांत चोवीस तासांत अमुक भाषा शिकविण्याचें अभिवचन देणारे जाडजूड ठोकळेही मिळतात. पीटर नॉर्विग ह्या नामवंत संशोधकानें त्यांची थट्टा म्हणून दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग कसें शिकावें ह्यावर एक निबंध लिहिला आहे. तोही विनामूल्य आहे, आणि तो पालकांनीं मुलांच्या आधीं वाचावा.

परंतु ह्या सर्वांत आमचा विशेष आदर ज्या पुस्तकाविषयीं आहे, तें जॉन बेंटली ह्यांचें 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स'. तें १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील एकाच विषयाची हकीकत येथें थोड्या विस्तारानें सांगतों.

मोल्सवर्थच्या कोशांत एखादा शब्द पाहावयाचा असला म्हणजे आपण पहिल्या पानापासून आरंभ करीत नाहीं. कोश मध्यावर उघडतों. आपला शब्द त्या पानाच्या अलीकडचा असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून देतों, पलीकडचा असेल तर अलीकडचा. आणि उरलेल्या भागाचा पुन्हां मध्य काढतों. अशा रीतीनें साठ हजार शब्दांतून हवा तो शब्द जास्तींत जास्त १६ वेळां पाहिल्यानें सांपडतो. ह्या रीतीस बायनरी सर्च म्हणतात. आपण येथें तीस अर्धशोध म्हणूं. आठवीच्या विद्यार्थ्यास समजेल इतकी ती सोपी आहे. बेंटली ह्यांनीं ती धंद्यानें प्रोग्रॅमर असलेल्या मंडळींस पुरेसा वेळ देऊन लिहावयास सांगितली, तेव्हां सुमारें शेंकडा नव्वद जणांच्या लिखाणांत चूक निघाली! डोनाल्ड कनूथ ह्यांनीं ह्याच रीतीचा इतिहास पाहून नमूद केलें आहे, कीं ती प्रथम १९४६ सालीं प्रसिद्ध झाली, पण निर्दोष स्वरूपांत प्रसिद्ध होण्यास १९६२ साल उजाडलें.

बेंटली ह्यांनीं मग ती शुद्ध कशी लिहावी हें पायरीपायरीनें दाखविलें, आणि भूमितींतील सिद्धांताप्रमाणें ती सिद्धही करून दिली. वीस वर्षें लोकांनीं तें पुस्तक वाचलें. बेंटलींच्याच वर्गांत बसलेले जोशुआ ब्लॉक ह्यांनीं पुढें जावा ह्या भाषेसाठीं अर्धशोध लिहिला, व तो जगभरच्या यंत्रांत सुमारें नऊ वर्षें बिनतक्रार चालला. २००६ सालीं ब्लॉक ह्यांनीं स्वतः जाहीर केलें, कीं आपल्या लिखाणांत चूक आहे, आणि तीच चूक गुरुजींनीं सिद्ध करून दिलेल्या पाठांतही आहे.

चूक कोठें होती? मध्य काढावयाचा म्हणजे खालच्या टोंकाचा क्रमांक व वरच्या टोंकाचा क्रमांक ह्यांची बेरीज करून ती निम्मी करावयाची. वहींत ह्यांत कांहींच दोष नाहीं. पण यंत्राच्या ज्या खणांत ती बेरीज ठेवावयाची, त्यांत सुमारें २१४ कोटींपेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. यादी १०७ कोटींच्या पुढें गेली कीं बेरीज खणाबाहेर सांडूं शकते. मग यंत्र तिला ऋण संख्या समजतें व भलत्याच जागीं पाहावयास जातें. १९८६ सालीं इतकी लांब यादी कोणाच्या यंत्रांत मावत होती? पुढें यंत्रें मोठीं झालीं, तशा याद्या आल्या, आणि झोंपलेली चूक जागी झाली. ह्यांत गुरूस कमीपणा नाहीं, कीं शिष्याचा उद्धटपणा नाहीं. जें पुस्तक वाचून तयार झालेल्या विद्यार्थ्यास त्याच पुस्तकांतील दोष दिसूं लागतो, त्याची याहून मोठी शिफारस आम्हांस करतां येणार नाहीं.

कनूथ ह्यांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्याविषयीं दोन शब्द. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' ह्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ सालीं निघाला. ग्रंथ अद्यापि पुरा झालेला नाहीं. त्यांत चूक प्रथम दाखविणाऱ्यास ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देत. लोक तो चेक वटवीत नसत, चौकटींत बसवून भिंतीवर लावीत. २००८ सालापासून त्यांनीं खरे चेक बंद करून एका काल्पनिक बँकेचीं प्रमाणपत्रें देण्यास आरंभ केला, तरी त्यांचा मान तिळभर कमी झाला नाहीं. हे खंड मात्र शाळेंतील मुलांसाठीं विकत घेऊं नयेत. त्यांतील गणित फार कठीण आहे, आणि शोभेसाठीं कपाटांत ठेविलेला ग्रंथ धूळ धरण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं. अ‍ॅबलसन आणि जेराल्ड व ज्यूली ससमन ह्यांचें 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स' हें १९८५ सालचें पुस्तकही महाविद्यालयांत गेल्यावरच घ्यावें. तें विनामूल्य मिळतें, आणि ज्यांस गणिताची गोडी आहे त्यांस तें वेड लावील.

प्रोग्रॅमर एकटा बसून काम करितो, ही समजूत खोटी आहे. मोठीं कामें शेंकडों माणसें मिळून करितात, आणि तीं बहुधा रखडतात. फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनीं आय. बी. एम. कंपनीच्या सिस्टिम ३६० ह्या संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीचें काम सांभाळलें. तें मुदतींत पुरें झालें नाहीं. त्या अनुभवावरून त्यांनीं १९७५ सालीं 'द मिथिकल मॅन-मंथ' लिहिलें. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसें नेमलीं तर तें अधिकच लांबतें, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत. स्नेहसंमेलनास आठ दिवस उरले असतां नाटकांत चार नवे नट घेतले तर काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको! नव्यांस संवाद शिकवावयास जुनेच बसतात, आणि त्यांची स्वतःची तालीम राहून जाते. शिवाय दर दोघांत विचारणें-सांगणें आलेंच : तिघांत अशा जोड्या ३, दहांत ४५, आणि पन्नासांत १,२२५. १९९५ सालीं नवी आवृत्ति काढतांना ब्रुक्स ह्यांनीं आपलीं वीस वर्षांपूर्वींचीं विधानें एकेक करून पुन्हां तपासलीं, आणि एका महत्त्वाच्या मुद्द्यावर डेव्हिड पार्नास ह्यांचें म्हणणें बरोबर व आपलें चूक होतें, असें स्पष्ट लिहिलें. ज्या पालकांस संगणकाचें कांहीं कळत नाहीं त्यांसही हें पुस्तक वाचतां येईल. कारखान्यांत किंवा कचेरींत माणसें सांभाळणाऱ्यास त्यांत आपलीच हकीकत सांपडेल.

आतां एक शंका सर्वांच्या मनांत असेल. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें साध्या भाषेंत मागितलेला प्रोग्राम क्षणांत लिहून देतात. मग हा खटाटोप कशाला? कर्निघन व त्यांचे सहलेखक प्लॉगर ह्यांनीं १९७० च्या दशकांतच एक मार्मिक निरीक्षण केलें होतें, कीं प्रोग्राम लिहिण्याहून त्यांतील चूक काढणें दुपटीनें कठीण असतें. म्हणजे यंत्रानें आपल्या डोक्यावरून उतरविलें तें हलकें ओझें. जड तें माणसाच्याच डोक्यावर आहे. नऊ वर्षें लपलेल्या त्या बेरजेसारखी चूक यंत्राच्या लिखाणांत असेल तर ती ज्यास दिसेल, त्याला पगार मिळेल. वरील पुस्तकांतील सर्व उदाहरणें हीं यंत्रें सोडवून देतात, हेंही आम्हांस ठाऊक आहे. अंकगणिताच्या पुस्तकाचीं शेवटचीं पानें आधीं उघडणारा विद्यार्थी पूर्वींही होताच. त्याचें पुढें काय झालें तें त्याच्या वर्गबंधूंस विचारावें.

उद्योजकांच्या पुस्तकांविषयीं आम्ही इतके उदार नाहीं. जिम कॉलिन्स ह्यांचें 'गुड टु ग्रेट' २००१ सालीं निघालें व अतोनात खपलें. १,४३५ कंपन्या चाळून त्यांनीं ११ निवडल्या, आणि त्या थोर कां झाल्या ह्याचीं कारणें शोधलीं. मेहनत दांडगी होती ह्यांत शंका नाहीं. पण त्या ११ पैकीं सर्किट सिटी ही दुकानांची साखळी २००८ सालीं दिवाळ्यांत गेली व २००९ सालीं बंद झाली. आणि फॅनी मे ही गृहकर्जांची संस्था २००८ सालीं अमेरिकन सरकारास आपल्या देखरेखीखालीं घ्यावी लागली. फिल रोझेनझ्वाइग ह्यांनीं २००७ सालच्या 'द हेलो इफेक्ट' ह्या पुस्तकांत ह्या प्रकारच्या संशोधनाचें मर्म उघडें केलें आहे. धंदा चालला कीं आपण धन्याच्या धाडसाची स्तुति करितों; तोच धंदा बुडाला कीं त्याच धाडसास अविचार म्हणतों. मग यशाचीं म्हणून जीं कारणें सांगितलीं जातात, तीं पुष्कळदां यशाची नुसती सावली असते. उद्योजकतेवरील पहिलें पुस्तक म्हणून आम्ही मुलांस हेंच देऊं.

त्यानंतर जेसिका लिव्हिंगस्टन ह्यांचें २००७ सालचें 'फाउंडर्स अ‍ॅट वर्क'. ह्यांत संस्थापकांच्या मुलाखती आहेत, आणि आपले घोटाळे त्यांनीं मोकळेपणानें सांगितले आहेत. आपल्या वाचकांस जवळचे वाटतील असे त्यांत साबीर भाटिया आहेत. ते कांहीं काळ पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्यें शिकले. त्यांनीं जॅक स्मिथ ह्यांच्यासह १९९६ सालीं हॉटमेल ही पत्रव्यवहाराची सोय सुरू केली, आणि १९९७ सालाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनें ती सुमारें ४० कोटी डॉलरांस विकत घेतली. हा आंकडा पुष्कळांस पाठ असतो. वाचण्यासारखें तें निराळेंच आहे. हे दोघे मुळांत दुसऱ्याच एका वस्तूच्या खटपटींत होते. नोकरीच्या जागीं सुरक्षिततेच्या बंदोबस्तामुळें आपलीं खासगी पत्रें पाहतां येईनात, ह्या अडचणींतून हॉटमेलची कल्पना निघाली.

रॉब फिट्झपॅट्रिक ह्यांचें 'द मॉम टेस्ट' हें २०१३ सालचें लहानसें पुस्तक मुलांनीं व मातांनीं मिळून वाचावें. त्याचा आशय असा, कीं आपली कल्पना चांगली आहे काय, असें आईस विचारूं नये; ती मायेपोटीं खोटें सांगेल. समजा, एखाद्या मुलास घरखर्चाचा हिशेब ठेवणारें अ‍ॅप करावयाचें आहे. 'आई, तूं हें वापरशील ना?' असें त्यानें विचारलें तर 'हो रे बाळा' हेंच उत्तर येणार. त्याऐवजीं त्यानें विचारावें : 'आई, गेल्या महिन्यांत दुधाचा हिशेब कसा ठेवलास? कोठें चुकला? चुकला तेव्हां काय केलेंस?' भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करून तिचें काम भागत असेल, तर त्या मुलाचें सहा महिन्यांचें श्रम वांचले. हाच धडा एरिक रीस ह्यांनीं 'द लीन स्टार्टअप' ह्या २०११ सालच्या पुस्तकांत सांगितला आहे. त्यांच्या कंपनीनें कित्येक महिने खपून केलेलें काम ग्राहकांस नकोच होतें, म्हणून टाकून द्यावें लागलें.

पीटर थील ह्यांचें 'झीरो टु वन' हें २०१४ सालचें पुस्तक मुलें फार मागतात. तें चतुर आहे. पण आम्ही तें बी. ए., बी. एस्सी. होईपर्यंत थांबवूं. महाविद्यालय सोडून धंदा काढणाऱ्या तरुणांस एक लक्ष डॉलर देण्याची योजना ह्याच गृहस्थांनीं २०१० सालीं जाहीर केली होती. स्वतः ते स्टॅनफर्डचे पदवीधर, आणि तेथीलच कायद्याची पदवीही त्यांनीं घेतलेली! बिल गेट्स ह्यांनीं हार्वर्ड सोडल्याची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. त्यांच्या शाळेंत १९६८ सालींच संगणकाशीं जोडलेलें यंत्र आलें होतें. १९७५ सालीं कंपनी काढण्यापूर्वीं सात वर्षें त्यांचा अभ्यास चालूं होता.

शेवटचें पुस्तक थोर मुलांसाठीं. जॉन कॅरीरू ह्या पत्रकारांचें 'बॅड ब्लड' २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. एलिझाबेथ होम्स ह्या तरुणीनें एकोणिसाव्या वर्षीं स्टॅनफर्ड सोडून २००३ सालीं थेरानोस कंपनी काढली. बोटांतून काढलेल्या रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर आमचें यंत्र नानाविध तपासण्या करितें, असा तिचा दावा होता. यंत्र तें करूं शकत नव्हतें, आणि रोग्यांच्या हातीं भरंवसा न ठेवण्याजोगे निकाल पडत होते. टायलर शुल्ट्झ व एरिका चंग हीं नुकतीं पदवी घेऊन तेथें नोकरीस लागलेलीं दोघें. त्यांनीं आंकडे पाहिले, आणि तीं गप्प बसलीं नाहींत. टायलरचे आजोबा जॉर्ज शुल्ट्झ हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री व त्याच कंपनीचे संचालक. त्यांनीं प्रथम नातवावर विश्वास ठेविला नाहीं. वकिलांच्या खर्चापायीं त्याच्या आईबापांस चार लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागली. जानेवारी २०२२ मध्यें होम्स दोषी ठरली, व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तिला अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. आपला मुलगा उद्या एखाद्या नव्या कंपनींत नोकरीस लागला, आणि वरिष्ठ खोटे आंकडे दाखवीत आहेत असें त्यास दिसलें, तर त्यानें काय करावें असें आपण त्यास सांगाल? ह्या प्रश्नाचें उत्तर पालकांनीं घरीं बसून आतांच ठरवावें, म्हणून हें पुस्तक त्यांच्यासाठींही आहे.

खर्चाविषयीं थोडेंसें. २०२० सालच्या टाळेबंदींत सहा-सात वर्षांच्या मुलांस कोडिंग शिकवून त्यांचें नशीब उघडण्याच्या जाहिराती घरोघर दिसल्या. त्यांपैकीं कांहीं भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून मागें घ्याव्या लागल्या. तसल्या वर्गांच्या एका हप्त्यांत वरील यादींतील विकत घ्यावयाचीं बहुतेक पुस्तकें येतील, आणि तींही दोन-तीन घरांनीं मिळून घेतलीं तर खर्च आणखी वांटला जाईल. हीं सर्व पुस्तकें इंग्रजींत आहेत, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा : आठवड्यास दहा पानांहून अधिक वाचूं नये, प्रोग्राम यंत्रास देण्यापूर्वीं तो काय उत्तर देईल हें वहींत लिहून ठेवावें, व मग ताडून पाहावें, आणि रविवारीं घरांतील कोणास तरी, आजीस असली तर फारच उत्तम, त्या दहा पानांचा अर्थ मराठींत समजावून सांगावा. आपली कल्पना चांगली आहे काय, ह्याविषयीं घरचीं माणसें खोटें बोलतील. पण आपलें बोलणें कळलें कीं नाहीं, हें त्यांच्या चेहऱ्यावर तत्काळ दिसतें.

ज्यांस येत्या सुटींत एकच पुस्तक मिळवितां येईल, त्यांनीं बेंटलींचें मिळवावें, आणि शक्य तर जुनी आवृत्ति. तींत ती बेरजेची ओळ जशीच्या तशी आहे. ती शोधावी, आणि खणाबाहेर न सांडतां मध्य काढावयाचा असेल तर तिच्या जागीं काय लिहावें, तें शाळा उघडल्यावर वहींत लिहून आणून दाखवावें.